गुलामगिरीची भरपाई: निवाडा एकदा झालेला आहे

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "मी 2011 साली इथे नोकरीला आलो. माझ्या आज्या-पणज्यानं कुणाला गुलाम केलं नाही, उलट आमचेच लोक गोऱ्यांच्या अमलाखाली होते. मग काळ्या लोकांना गुलामगिरीची भरपाई द्यायची तर ती माझ्या टॅक्समधून का? आणि दीडशे वर्षांनी कोण कुणाचा वारस हे ठरवायचं कसं? तुम्ही मोबदल्याचे दावे चालवलेत, म्हणून विचारतो."

हो, अठ्ठावीस वर्षं मी तेच केलं. धरणाखाली गेलेल्या आणि रस्त्यात गेलेल्या जमिनी, त्यांचे निवाडे, वाढीव मोबदल्याच्या दरखास्ती. अमेरिकेतला हा वाद मी गेली काही वर्षं वाचतो आहे, तो या कामाच्या चष्म्यातूनच. आणि तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा हसू आलं, रागावू नका. कारण भूसंपादनाच्या केसमध्ये समोरची बाजू जे आक्षेप जसे घेते, ते तुम्ही जवळपास त्याच क्रमानं घेतलेत. आमचा संबंध नाही, वारस कोण ते माहीत नाही, रक्कम ठरवता येत नाही, आणि मुदत तर कधीच संपली. 'मुदत' हा शब्द तुम्ही लिहिला नाहीत, पण 'दीडशे वर्षांनी' म्हणालात, ते तेच.

संबंधापासून सुरू करतो. नॉर्थ कॅरोलिनात आयरीन ट्रिपलेट नावाची एक बाई 31 मे 2020 रोजी वारली. तिला अमेरिकन सरकारकडून दरमहा 73 डॉलर 13 सेंट पेन्शन मिळत होतं. कशाचं? अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाचं. 1861 ते 1865 मधल्या युद्धाचं! तिचा बाप आधी दक्षिणेच्या फौजेत होता, तिथून पळून उत्तरेच्या फौजेत गेला, म्हातारपणी दुसरं लग्न केलं आणि 1930 साली ही मुलगी झाली. ती आजारी, कमावू न शकणारी, म्हणून बापाच्या नोकरीचं पेन्शन तिला आयुष्यभर. तुम्ही 2011 साली तिथे गेलात म्हणजे नऊ वर्षं त्या पेन्शनला तुमच्याही टॅक्सचा हातभार लागला. तुम्ही त्या युद्धात लढला नव्हतात, तुमच्या पणज्याला त्या युद्धाचं नावही ठाऊक नसेल. तरी तुम्ही दिलेत, आणि कुणी तुम्हाला विचारलं नाही.

देणेकरी माणूस नसतो, सरकार असतं. सरकार मरत नाही. कोयनेचं धरण बांधणारे मंत्री, इंजिनियर, कलेक्टर सगळे गेले, तरी विस्थापितांच्या नातवंडांची प्रकरणं आजही मंत्रालयात फिरतात, आणि 'तेव्हाचे साहेब वारले' असं म्हणून कुणाला सुटता येत नाही. ज्या सरकारनं पळालेला गुलाम मालकाला परत देण्याचा कायदा केला, तेच सरकार आज आहे. त्याची राज्यघटना तीच, तिजोरीही तीच. ही मागणी गोऱ्या माणसाच्या पापाचा हिशेब म्हणून मांडली की वाद भलतीकडे जातो, आणि दुर्दैवानं पुष्कळदा ती तशीच मांडली जाते, दोन्हीकडून. पापाचं मला कळत नाही, मला देणं कळतं.

आता रक्कम. "माणसाच्या गुलामीची किंमत काढता येत नाही" हे वाक्य फार भारदस्त वाटतं. पण किंमत काढली गेली होती, आणि ज्यानं काढली त्यानं आपल्या भूसंपादन अधिकाऱ्याला लाजवेल असं काम केलं होतं.

ब्रिटिश पार्लमेंटनं 1833 साली आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करणारा कायदा केला. 1 ऑगस्ट 1834 पासून तो लागू झाला, सुमारे आठ लाख माणसं सुटली. त्याच कायद्यात 2 कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ही रक्कम तेव्हाच्या सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या जवळपास 40 टक्के होती. मिळाली कुणाला? मालकांना. 'मालमत्ता' गेली ना त्यांची.

दर ठरवायची रीत बघा. आपल्याकडे संपादनाची सूचना निघाली की मागच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं काढतात आणि त्यांवरून सरासरी दर बसवतात. लंडनमधल्या आयुक्तांनी 1830 अखेरपर्यंतच्या आठ वर्षांत त्या त्या वसाहतीत माणसांची खरेदी-विक्री काय भावानं झाली त्याची सरासरी काढली. मग प्रतवारी. आपण जिरायत, बागायत, पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी जमीन) म्हणतो तशी. मुकादम, कारागीर, दुय्यम कारागीर, शेतावरचे मजूर, घरकामाचे नोकर. सहा वर्षांखालची मुलं वेगळ्या रकान्यात, आणि म्हातारे, आजारी, कामाला निरुपयोगी असे वेगळ्या रकान्यात. प्रत्येक रकान्याला दर. जमैकात दर कमी, ब्रिटिश गयानात जास्त, कारण तिथली जमीन नवी, उसाचं पीक जोरात आणि मजुरांचा तुटवडा. पोटखराब्यालाही दर होता, म्हणजे लंगड्या म्हातारीलाही. तो तिच्या मालकाला मिळाला.

सुमारे 46,000 दावे आले. एका दावेदाराची नोंद मी पुन्हा पुन्हा बघितली आहे. जॉन ग्लॅडस्टन, लिव्हरपूलचा व्यापारी, पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप. माणसं 2,508, मंजूर रक्कम 1,06,769 पौंड. माणशी साडेबेचाळीस पौंडांच्या आसपास. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी हे सगळे दावे इंटरनेटवर टाकले आहेत, आडनाव घालून कुणालाही शोधता येतं. विधवा आहेत, पाद्री आहेत, एक-दोन गुलामांवर गुजराण करणाऱ्या अविवाहित आत्याबाई आहेत. वारसांची भांडणं आहेत, गहाणदारांचे हक्क आहेत, सगळं आहे. म्हणजे वारस ठरवता येत होते.

आणि सुटलेल्या माणसांना? एक पैसा नाही. वर 'शिकाऊ उमेदवारी' नावाखाली जुन्याच मालकाकडे आठवड्याचा बराचसा वेळ फुकट राबायचं. मुळात सहा वर्षं ठरली होती, गडबड इतकी झाली की 1838 साली चौथ्या वर्षीच ती मोडावी लागली. मोबदल्याचा काही भाग गुलामानं स्वतःच अंग मोडून भरला, असं त्याचं रोकड भाषांतर.

त्या 2 कोटींसाठी सरकारनं कर्ज काढलं, 1835 साली रॉथशील्ड आणि मॉन्टेफिओरे यांच्याकडून. त्याचे रोखे फिरत फिरत शेवटी 2015 साली फेडले गेले. 2018 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश अर्थखात्यानं एका शुक्रवारी ट्विट केलं, की तुमच्यापैकी लाखोंनी करातून गुलामांचा व्यापार संपवायला मदत केली. कौतुकानं केलं होतं! बोंब झाली तेव्हा काढून टाकलं. जमैकाहून आलेल्या ज्या बस कंडक्टरनं, ज्या नर्सनं आयुष्यभर लंडनमध्ये कर भरला, त्यांनी आपल्याच खापरपणज्याच्या मालकाचा मोबदला फेडला होता. तिथे तीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या एखाद्या पुणेकरानंही.

आपला आणखी एक धागा इथेच आहे. 1833 च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता. आपल्याकडची गुलामी कायद्यानं अमान्य व्हायला 1843 साल उजाडलं. आणि गुलाम सुटणार म्हटल्यावर ह्याच ग्लॅडस्टनसाहेबांनी कलकत्त्याहून करारावर मजूर मागवले. 1838 साली 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' या दोन जहाजांतून पहिले 396 जण गयानात उतरले, त्यांत छोटा नागपूरकडचेही होते. पैसे सरकारचे, मजूर हिंदुस्थानचे, मळा तोच. 2023 च्या ऑगस्टमध्ये ग्लॅडस्टन घराण्यातले वंशज गयानात जाऊन दोन्हींबद्दल माफी मागून आले.

हैतीचं तर आणखी उफराटं. तिथल्या गुलामांनी फ्रान्सशी लढून 1 जानेवारी 1804 ला स्वातंत्र्य घेतलं. 1825 साली फ्रान्सच्या राजानं युद्धनौका पाठवल्या आणि सांगितलं, स्वातंत्र्याला मान्यता हवी तर आमच्या मळेवाल्यांची भरपाई म्हणून 15 कोटी फ्रँक द्या. पहिला हप्ता 3 कोटींचा. हैतीकडे नव्हते, म्हणून पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज. कर्ज 3 कोटी, हातात पडले 2 कोटी 40 लाख, वरचे 60 लाख सावकारांनी आधीच कापून घेतले. खेड्यातला कुठलाही म्हातारा हे वाचून मान डोलावेल. 1838 साली एकूण रक्कम 9 कोटींवर आली, पण कर्जावर कर्ज चढत गेलं आणि ते निस्तरायला 1947 उजाडलं. 2003 साली अध्यक्ष आरिस्टीड यांनी फ्रान्सकडे परतफेड मागितली: 21 अब्ज 68 कोटी 51 लाख 35 हजार 571 डॉलर आणि 48 सेंट. त्या 48 सेंटांची फ्रेंच वर्तमानपत्रांत टिंगल झाली. मला ते सेंट आवडतात. निवाड्यात आपणही पैसे लिहितो. पुढच्या फेब्रुवारीत आरिस्टीड सत्तेवरून गेले आणि मागणीही गुंडाळली गेली. 2025 साली, त्या फर्मानाला 200 वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सनं दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती जाहीर केली. समिती!

आता तुमच्या देशात येऊ. जानेवारी 1865, सव्हाना शहर. उत्तरेच्या फौजेच्या जनरल शेरमननं वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं. त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझर बोलले, वय 67, आठ वर्षांपूर्वी स्वतःचे आणि बायकोचे पैसे भरून सुटलेले. ते म्हणाले, जमीन द्या, आम्ही कसून खातो. चार दिवसांनी हुकूम निघाला: साउथ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतची किनारपट्टी, कुटुंबाला 40 एकरांपर्यंत. सुमारे 40,000 माणसं वसली, पेरण्या केल्या. त्याच वर्षी नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या. ताबा होता, वहिवाट होती, पक्कं खरेदीखत नव्हतं. ही तर आमची रोजची केस.

अमेरिकेनं मालकांना मोबदला दिला तो फक्त राजधानीत, एप्रिल 1862 मध्ये. माणशी 300 डॉलरपर्यंत, तीन हजारांवर माणसांचे. त्या कायद्यात सुटलेल्या माणसासाठीही एक तरतूद होती: देश सोडून जायला तयार असशील तर 100 डॉलरपर्यंत.

त्यानंतर मागणी कधी थांबलीच नाही, हे लक्षात घ्या. 'इतकी वर्षं झोपला होता का' हा मुदतीच्या कायद्याचा गाभा आहे, म्हणून सांगतो. टेनेसीत कॅली हाउस नावाची बाई, गुलामीत जन्मलेली, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. तिनं 1890 च्या दशकात माजी गुलामांची संघटना उभी केली. मागणी एकच, सैनिकांना मिळतं तसं पेन्शन. सरकारनं काय केलं? टपालातून फसवणूक केल्याचा खटला भरला. तर्क असा की असं पेन्शन कधी मंजूर होणारच नाही, म्हणजे त्यासाठी वर्गणी गोळा करणं ही फसवणूक. 1917 साली ती तुरुंगात गेली. ज्यानं दार लावलं त्यानंच पुढे विचारायचं, वेळेवर का नाही आलात?

एक बाई मात्र जिंकली. हेन्रिएटा वुड. ती 1848 साली सिनसिनाटीत रीतसर मुक्त झाली होती. 1853 साली तिला फसवून नदीपलीकडे, गुलामगिरी चालू असलेल्या मुलखात नेलं आणि पुन्हा विकलं. मिसिसिपीच्या कापसात, मग टेक्सासात राबली. युद्धानंतर परतली आणि झेब्युलॉन वॉर्ड या तिच्या विक्रेत्यावर 20,000 डॉलरचा दावा लावला. आठ वर्षं केस चालली. 1878 साली बारा गोऱ्या ज्युरींनी तिला 2,500 डॉलर दिले. मागणीचा आठवा हिस्सा, पण पैसे हातात पडले. तिचा मुलगा गुलाम म्हणून जन्मला होता, तो पुढे शिकागोत वकिली शिकला आणि 1951 पर्यंत जगला. एका रकमेनं एका घराचं काय होतं ते यात दिसतं, म्हणून ही केस मी ज्युनियर मंडळींना सांगायचो.

कोर्टाचा रस्ता आज बंद आहे. 1995 साली पश्चिमेकडच्या अपील कोर्टानं आणि 2006 साली शिकागोच्या अपील कोर्टानं असे बहुतेक दावे काढून टाकले. सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा चालत नाही, तुमचं वैयक्तिक नुकसान सिद्ध होत नाही, मुदत गेली. वकील म्हणून मला ते निकाल चूक वाटत नाहीत. पण त्यांचा अर्थ 'देणं नाही' असा होत नाही, 'इथे मागू नका, कायदेमंडळात जा' असा होतो. युद्धकाळात डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांना 1988 साली प्रत्येकी 20,000 डॉलर आणि माफी मिळाली, ती कायदा करूनच. मात्र ती हयात माणसांना मिळाली. हा फरक मोठा आहे आणि मी तो झाकणार नाही.

कायदेमंडळात काय झालं? काँग्रेसमन जॉन कॉनयर्स यांनी 1989 साली एक विधेयक मांडलं, पुढे त्याला 40 हाच क्रमांक कायम मिळत गेला, त्या 40 एकरांची आठवण म्हणून. त्यात पैशांचं वाटप नाही, फक्त अभ्यास आयोग. 2021 साली ते पहिल्यांदा समितीतून पुढे सरकलं आणि तिथेच अडकलं. त्याच वर्षीच्या प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत सगळ्या अमेरिकनांत 30 टक्के बाजूनं, काळ्यांत 77, गोऱ्यांत 18. मतांचं हे गणित बघून कुठला पुढारी हात घालेल? डेमोक्रॅटही व्यासपीठावर बोलतात आणि गल्ली बदलतात.

वारसांचा प्रश्न मात्र खरा आहे. तुम्ही तिथे बरोबर बोट ठेवलंत. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची नावंच नाहीत. मालकाचं नाव, त्याखाली वय, लिंग, रंग. सगळ्यांची नावं पहिल्यांदा 1870 ला येतात, आणि तिथे बहुतेक काळ्या घराण्यांचा शोध भिंतीला टेकतो. मुक्त झालेल्यांसाठी 1865 साली एक बचत बँक काढली होती. खातं उघडताना आईबापांची, भावंडांची, विकल्या गेलेल्या मुलांची नावं लिहून घेत. ती बँक 1874 साली बुडाली, ठेवीदारांचे पैसे गेले. उरली ती खातेवही, आज वंशावळ शोधणाऱ्यांना तीच सापडते.

कॅलिफोर्नियानं 2020 साली कायद्यानं समिती नेमली. त्या समितीत पहिलं मोठं भांडण ह्यावरच झालं: सगळ्या काळ्या रहिवाशांना, की गुलामांच्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या मुक्त काळ्या रहिवाशांच्या वंशजांनाच? 2022 साली 5 विरुद्ध 4 मतांनी वंशावळ जिंकली. मला तो निर्णय पटतो. परवा नायजेरियातून आलेल्या इंजिनियरला तुमच्याइतकाच हक्क, म्हणजे काही नाही. शिवाय त्वचेचा रंग बघून वाटप केलं तर कोर्टात टिकणार नाही.

इव्हॅन्स्टन हे शिकागोजवळचं गाव जास्त शहाणं निघालं, असं मला वाटतं. त्यांनी गुलामगिरीला हातच घातला नाही. 1919 ते 1969 या काळात गावानं घरांच्या बाबतीत काळ्यांशी भेदभाव केला, तो नगरपालिकेच्या दप्तरात आहे, त्या काळातले रहिवासी आणि त्यांची मुलंनातवंडं सापडतात. त्यांना प्रत्येकी 25,000 डॉलर, आधी फक्त घरासाठी, पुढे रोखही. पैसे सुरुवातीला गांजाच्या विक्रीवरच्या करातून. नुकसान नजीकचं, कागद हाताशी, दावेदार हयात. दावा असाच लिहावा लागतो. तरी 2024 साली त्यावर केस झालीच, समान संरक्षणाच्या कलमाखाली. ते कलम 1868 साली ज्यांच्यासाठी घटनेत घातलं, त्यांच्याच नातवंडांविरुद्ध.

आकड्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. कॅरिबियन देशांनी 2013 साली आयोग नेमला, पुढच्या वर्षी दहा कलमी मागणी केली: माफी, कर्जमाफी, आरोग्य, शिक्षण. ती वाचली तर जमिनीवरची वाटते. पण 2023 साली एका अहवालानं ब्रिटनचं देणं 18.8 लाख कोटी पौंड काढलं, म्हणजे देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे सातपट. अशी दरखास्त पाहून समोरचा वकील खूश होतो, कारण त्याला उत्तरच द्यावं लागत नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सामोआत राष्ट्रकुलाच्या परिषदेत विषय निघाला, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान 'पुढे बघू या' म्हणून मोकळे झाले.

अमेरिकेसाठी मला जवळची वाटणारी मोजणी वेगळी आहे. 2022 साली श्रीमंतीच्या रांगेत अगदी मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता 2,85,000 डॉलर, तशाच काळ्या कुटुंबाची 44,900. या दरीत गुलामगिरी किती, नंतरचे भेदभावाचे कायदे किती, काळ्यांच्या वस्त्यांना कर्ज नाकारणारे घरकर्जाचे नकाशे किती आणि इतर काय किती, हे वेगळं काढायला आयोग लागतो. तोच तर मागितलाय.

काही काळे विचारवंतही याच्या विरोधात आहेत, आणि त्यांचा एक मुद्दा मला आमच्या कामातून नीट कळतो. चेक घेताना आमचा खातेदार 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर अंगठा देतो. त्यानंतर धरणाचं पाणी त्याच्या उरलेल्या शेतात शिरलं तरी साहेब तो अंगठा दाखवतात. भरपाई दिली की फाईल बंद, आता तक्रार नको, असं देश म्हणेल ही भीती पोकळ नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या 2005 च्या तत्त्वांत पैसे हा पाचातला एकच भाग ठेवलाय. बाकी पूर्ववत करणं, पुनर्वसन, सत्य कबूल करणं आणि पुन्हा न होण्याची हमी.

'आमचेच लोक गोऱ्यांच्या अमलाखाली होते' या तुमच्या वाक्याबद्दल थोडंच. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती तुमच्या सध्याच्या देशातल्या लोकांना, गुलाम मुक्त केल्याबद्दल. बाबासाहेबांनी 1946 साली काळे अमेरिकन विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. आणि 2001 साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वर्णद्वेषविरोधी परिषद झाली तेव्हा जातीचा विषय तिथे नको म्हणून आपलं सरकार अडून बसलं होतं. 'आमचे लोक' म्हणताना कोणते, हे एकदा मनाशी ठरवा.

आणि तुमच्या राज्याचं म्हणाल तर न्यू जर्सीनं गुलामगिरी संपवायचा कायदा 1804 साली केला, उत्तरेतल्या राज्यांत सर्वांत शेवटी. त्यातही त्या 4 जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेला मुलगा 25 वर्षांचा आणि मुलगी 21 वर्षांची होईपर्यंत मालकाकडे राबणार. वय पुढे मोजता यावं म्हणून मालकानं काउंटीच्या कारकुनाकडे जन्म नोंदवायचा. मॉनमथ काउंटीचं ते जन्मनोंदींचं पुस्तक अजून शाबूत आहे. मालकाचं नाव, आईचं नाव, बाळाचं नाव, तारीख. बापाचा रकाना बहुधा नसतोच. तुमच्या घरापासून फार लांब नसेल, एखाद्या शनिवारी जाऊन बघा.